गंधकाच्या कुंडातले भाऊबंद

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात जिवंत सूक्ष्मजीवांचा एक मोठा संग्रह आहे. त्याच्या यादीत 639 क्रमांकावर सल्फोलोबस ॲसिडोकाल्डेरियस या जिवाची नोंद सापडते. वाण 98-3, मूळ ठिकाण अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातलं गरम, आम्लधर्मी कुंड. एखाद्या प्रयोगशाळेने मागणी नोंदवली की तो छोट्या कुपीतून पाठवला जातो. पुढची सरबराई मात्र सोपी नाही. पाण्यात सल्फ्युरिक ॲसिड घालून सामू, म्हणजे पीएच, 2 ते 3 पर्यंत उतरवायचा, ते पाणी 75 अंश सेल्सिअसच्या आसपास सतत तापतं ठेवायचं आणि हलवत राहून त्याला हवा पुरवायची. एवढी बडदास्त ठेवली की हा पठ्ठ्या काही तासांत दुप्पट होतो. आपला हात त्या पाण्यात भाजून निघेल. त्याला मात्र आपल्या खोलीच्या तापमानाला आणलं तर वाढच खुंटते.

हा मागोवा त्या 98-3 च्या घराण्याचा आहे. पन्नास वर्षांत या घराण्याचं गोत्र दोनदा बदललं. 1972 मध्ये त्याला जिवाणू म्हणून दाखल करून घेतलं. पाचसहा वर्षांतच तो जिवाणू नाहीच असं ठरलं. आणि आज त्याचं नातं थेट माणसाच्या पेशीशी सांगितलं जातं. तो जीव कुंडात होता तसाच राहिला. बघणाऱ्यांची हत्यारं बदलत गेली, आणि प्रत्येक नव्या हत्यारासरशी तो आपल्या थोडा जवळ सरकला.

यलोस्टोन आणि सूक्ष्मजीव असं म्हटलं की जाणकारांना आठवतो तो दुसराच जीव, थर्मस ॲक्वाटिकस. करोनाच्या काळात घराघरांत पोचलेली आरटी-पीसीआर चाचणी ज्या टॅक पॉलिमरेज नावाच्या विकरावर उभी राहिली ते या थर्मसचं. कॅरी मलिस यांना 1983 मध्ये पीसीआरची युक्ती सुचली, 1991 मध्ये तिचे हक्क हॉफमन-ला रोश कंपनीने 30 कोटी डॉलरना घेतले, 1993 मध्ये मलिस यांना नोबेल मिळालं. गोष्ट चांगली आहे आणि ती पुष्कळांनी सांगितली आहे. पण थर्मस राहतो तो साध्या, किंचित अल्कधर्मी झऱ्यांमध्ये. आम्लाच्या कुंडात तो टिकत नाही. एकाच उद्यानात, एकाच माणसाच्या चमूला, काही वर्षांच्या अंतराने हे दोन्ही जीव मिळाले. पैसा आणि प्रसिद्धी एकाकडे गेली. माझ्या मते त्याहून मोठी बातमी दुसऱ्याकडे होती, फक्त ती कळायला वेळ लागला.

मुळात काही झरे आम्लाचे आणि काही साधे असं का होतं? जमिनीखाली तापलेलं पाणी भरपूर असेल आणि ते पाण्याच्याच रूपात वर आलं, तर झरा स्वच्छ, निळसर आणि साधारण उदासीन किंवा अल्कधर्मी असतो. काही ठिकाणी मात्र पाणी खालीच उकळतं आणि वर पोचते ती फक्त वाफ. या वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड येतो, सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू. पृष्ठभागाजवळ त्याची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते, पिवळा गंधक साचतो आणि गंधकाचं पुढे सल्फ्युरिक ॲसिड होतं. हे ॲसिड खडक खाऊन त्याचा मऊ चिखल करतं. यलोस्टोनच्या नॉरिस खोऱ्यात, नेपल्सजवळच्या सोल्फातारा विवरात, आइसलँडमध्ये, जपानच्या बेप्पूत अशी रटरटणारी राखाडी डबकी दिसतात. सामूचा प्रत्येक अंक खाली उतरला की आम्लता दहापट होते. शुद्ध पाण्याचा सामू 7, तर या डबक्यांचा 2 ते 3. म्हणजे दहा हजार ते एक लाख पट फरक. आणि त्यातली गंमत अशी की गंधकाचं ॲसिड करण्याच्या कामात निसर्गाला मोठा हातभार सल्फोलोबससारखेच जीव लावतात. गंधक जाळून ते आपली ऊर्जा मिळवतात आणि ॲसिड बाहेर टाकतात. ज्या पाण्यात आपण जगू शकत नाही ते त्यांनीच काही अंशी तसं करून ठेवलेलं असतं.

गरम पाण्यात काहीतरी जिवंत असतं हे माणसाला नवं नव्हतं. बोहेमियातल्या कार्ल्सबाडच्या झऱ्यांमधल्या शैवालांवर फर्डिनांड कोन यांनी 1862 मध्ये लिहिलं होतं. पोत्सुओलीच्या सोल्फातारात, जिथे पिढ्यान् पिढ्या गंधक आणि तुरटी काढली जात होती, अंतोनियो गाल्दिएरी यांनी वाफेच्या तोंडाशी वाढणारं हिरवं शैवाल 1899 मध्ये नोंदवलं. ते शैवाल आज त्यांच्याच नावाने, गाल्दिएरिया म्हणून, ओळखलं जातं. ते आम्लात आणि पन्नास अंशांच्या वरही जगतं. 2013 मध्ये त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा उष्णता आणि विषारी धातू सोसण्याची काही जनुकं त्याने शेजारच्या सूक्ष्मजीवांकडून उचलल्याचं निघालं. कॅलिफोर्नियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम सेचेल यांनी यलोस्टोनची पाहणी करून 1903 मध्ये लिहिलं, की हिरवे जीव 75-77 अंशांपर्यंत आणि बिनहरितद्रव्याचे जीव 89 अंशांपर्यंत सापडतात. ही नोंद छापील राहिली, पण कोणी तिचा पाठपुरावा केला नाही.

कारण साधं होतं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ उष्णताप्रेमी जीव शोधायला बसले की उबवणपेटी 55 ते 60 अंशांवर लावायचे आणि भांड्यात भरपूर खुराक घालायचे. मग त्या तापमानाला आणि त्या खुराकावर पोसले जाणारेच जीव हाती लागायचे आणि त्यावरून वरची मर्यादा ठरायची.

इंडियाना विद्यापीठातले टॉमस ब्रॉक 1964 च्या उन्हाळ्यात यलोस्टोन बघायला थांबले. उकळत्या झऱ्यातून पाणी ओघळत बाहेर पडतं तसतसं ते निवत जातं, आणि त्या ओघळावर तापमानागणिक वेगळे रंग उठतात. ते जिवंत रंग आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या वर्षी त्यांना ऑक्टोपस नावाच्या झऱ्यात 82 अंशांच्याही वर गुलाबी तंतू हलताना दिसले. तिथून पुढची दहा वर्षं ते या पाण्यात अडकले. त्यांची एक युक्ती फार साधी होती. सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी दोऱ्याला बांधायची, ती उकळत्या कुंडात सोडायची आणि काही दिवसांनी बाहेर काढून बघायची. यलोस्टोनच्या उंचीवर पाणी 92-93 अंशांनाच उकळतं. अशा कुंडांत सोडलेल्या काचपट्ट्यांवर जिवाणू नुसते चिकटले नव्हते, वाढत होते. प्रयोगशाळेत खुराक घालून वाढवायच्या आधी तो जीव आपल्या घरी कसा राहतो ते बघायचं, हा ब्रॉक यांचा हट्ट. 1966 मध्ये त्यांचा पदवीचा विद्यार्थी हडसन फ्रीझ याने मश्रूम स्प्रिंगच्या पाण्यातून पातळ खुराकावर आणि चढ्या तापमानाला थर्मस वेगळा काढला, तो याच हट्टापोटी.

आम्लाच्या कुंडांकडे मात्र दुसरा एक तरुण आधीच वळला होता. मोंटाना राज्य विद्यापीठातल्या जेम्स ब्रायर्ली यांनी यलोस्टोनच्या आम्लधर्मी पाण्यातल्या रसायनभक्षी जीवांवर 1966 मध्ये पीएचडी पूर्ण केली. त्यांच्या प्रबंधात गंधक खाणारा, उष्णता सोसणारा एक गोलसर जीव होता. पण प्रबंध कपाटात राहिला आणि पत्नी कोराल यांच्याबरोबर त्यांनी त्यावर शोधनिबंध छापला तो 1973 मध्ये. त्याच्या एक वर्ष आधी, 1972 मध्ये, ब्रॉक, त्यांची पत्नी कॅथरीन, रॉबर्ट बेली आणि रिचर्ड वाइस यांनी सल्फोलोबस ही नवी प्रजाती जाहीर केली होती. नाव ठेवण्याचा मान छापणाऱ्याचा, हा नियम विज्ञानात कडक आहे. ब्रायर्लींच्या जिवाला पुढे त्यांचं आडनाव मिळालं, आज तो ॲसिडियानस ब्रायर्लेयी. दांपत्याने वेगळीच वाट धरली. गंधकयुक्त खनिजातून असे जीव तांबं आणि सोनं मोकळं करू शकतात का, या प्रश्नावर दोघांनी आयुष्य घालवलं आणि खाणउद्योगात जैविक निक्षालनाची जी शाखा उभी राहिली तिच्या पहिल्या माणसांत त्यांची गणना होते.

ब्रॉक यांच्या निबंधातला सल्फोलोबस यलोस्टोनपुरता नव्हता. इटली, डोमिनिका आणि एल साल्वादोरमधूनही त्याचे वाण मिळाले होते. सामू 0.9 पासून 5.8 पर्यंत वाढ, 85 अंशांपर्यंत तग, गोल पेशी आणि त्यांना जागोजागी फुगवटे. पेशीभित्तीत मात्र बहुतेक सगळ्या जिवाणूंत आढळणारं पेप्टिडोग्लायकन नव्हतं. लेखकांनी ते नीट नोंदवलं, आणि तरी जीव जिवाणूंतच घातला. 1972 मध्ये दुसरा खण नव्हताच. ज्याच्या पेशीत केंद्रक नाही तो जिवाणू, संपलं.

आता जरा त्या पेशीच्या आत बघू. बाहेर सामू 2, आत साधारण 6.5. म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाच्या दोन बाजूंना हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहा हजार पटींहून जास्त फरक, तोही पाणी चटका देत असताना, दिवसरात्र. आपल्या पेशींचं आवरण मेदांच्या दोन थरांचं असतं. शेपट्या एकमेकींसमोर, डोकी बाहेर. तापमान वाढलं की हे दोन थर सैल होतात आणि एकमेकांवरून सरकू लागतात. सल्फोलोबसच्या आवरणात दोन्ही बाजूंच्या शेपट्या एकमेकींना जोडूनच टाकलेल्या असतात, गोधडीचे दोन पदर टाके घालून एक करावेत तशा. त्यामुळे थर एकच, आणि तो उसवत नाही. शिवाय आपल्या मेदांत शेपटी डोक्याला एस्टर बंधाने जोडलेली असते, जो आम्लात सहज तुटतो. इथे इथर बंध असतो, जो तुटत नाही. कुंड जास्त तापलं की हा जीव शेपट्यांमध्ये पाच कार्बनांची छोटी कडी वाढवतो आणि आवरण आणखी घट्ट विणतो. डीएनएची तजवीज वेगळी. 1984 मध्ये किकुची आणि असाई या जपानी शास्त्रज्ञांना सल्फोलोबसमध्ये एक विकर सापडलं, जे डीएनएला उलट्या दिशेने जास्तीचा पीळ घालतं. रिव्हर्स गायरेज. नंतर 80 अंशांच्या वर जोमाने वाढणाऱ्या ज्या ज्या जिवांचा जनुकसंच तपासला त्यांत हे विकर सापडत गेलं.

या इथर बंधांनीच सगळ्यांना कोड्यात टाकलं. साउथ डकोटा विद्यापीठातल्या टॉमस लँगवर्दी यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हे मेद आधी थर्मोप्लाझ्मात आणि मग सल्फोलोबसमध्ये दाखवले. थर्मोप्लाझ्माही ब्रॉक यांच्याच चमूचा, पण सापडला झऱ्यात नव्हे, तर इंडियानातल्या फ्रायर टक कोळसाखाणीच्या टाकाऊ ढिगाऱ्यात. कोळशातलं पायराइट हवेशी रासायनिक क्रिया करून आपोआप तापतं आणि ॲसिड सोडतं, त्यामुळे कचऱ्याचा ढीग हाच ज्वालामुखीचा छोटा अवतार होतो. त्यात 59 अंशांना, सामू 2 ला, पेशीभित्तीच नसलेला हा जीव मजेत होता. 1970 मध्ये तो प्रसिद्ध झाला. आणि नेमके असेच इथर बंध मॉरिस केट्स यांना त्याआधीच खाऱ्या पाण्यातल्या लवणप्रेमी जीवांत मिळाले होते. तीन जीव, तीन टोकाची ठिकाणं, एकच विचित्र मेद.

यावरून कोणालाही वाटेल की तिघे एका घरातले. तसं कोणालाच वाटलं नाही. टोकाच्या परिस्थितीत राहणाऱ्यांना टोकाचं आवरण लागतं, म्हणून प्रत्येकाने ते स्वतंत्रपणे कमावलं असणार, असा सर्वमान्य खुलासा होता. नेपल्सच्या मारियो द रोझा, अगाता गांबाकोर्ता आणि सहकाऱ्यांनी सोल्फाताराजवळच्या पिशारेल्लीतून असाच जीव काढला आणि त्याला काल्दारिएला म्हटलं. 1975 च्या त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच हे जीव सल्फोलोबसशी वेगळ्या वाटेने येऊन जुळल्याचं सूचित केलं होतं. पुरावा समोर होता. पण नात्याचा पुरावा म्हणून तो वाचायचा असतो ही कल्पनाच अजून रुजली नव्हती.

ती रुजवली इलिनॉय विद्यापीठाच्या कार्ल वूस यांनी. रायबोसोम म्हणजे प्रथिनं विणणारं यंत्र, प्रत्येक जिवात असणारं. त्यातल्या आरएनएचे तुकडे करून, त्यांना किरणोत्सर्गी फॉस्फरसने खूण करून, एक्स-रे फिल्मवर उमटणाऱ्या ठिपक्यांच्या नकाशांची ते वर्षानुवर्षं तुलना करत होते. प्रकाशपेटीवर फिल्म ठेवायची आणि ठिपके ओळखायचे, हे दिवस खाणारं काम ते एकटेच करत. 1976 मध्ये सहकारी राल्फ वुल्फ यांच्याकडून मिळालेल्या मिथेन तयार करणाऱ्या जीवाची फिल्म आली आणि जिवाणूंचे ओळखीचे ठिपके तिच्यात नव्हते. 1977 मध्ये वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केलं की ही जिवाणूंपासून वेगळी, स्वतंत्र शाखा आहे. न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली आणि बऱ्याच मोठ्या शास्त्रज्ञांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नोबेलविजेते साल्वादोर लुरिया यांनी वुल्फ यांना फोन करून या प्रकरणातून अंग काढून घ्यायला सांगितलं. वुल्फ यांनी ते ऐकलं नाही.

लगेच पुढच्या वर्षी लवणप्रेमी, थर्मोप्लाझ्मा आणि सल्फोलोबस हे तिघेही त्याच शाखेत आले. विचित्र मेदांचा उलगडा झाला. आर्किबॅक्टेरिया म्हणून सुरू झालेलं नाव 1990 मध्ये वूस, कांडलर आणि व्हीलिस यांनी नुसतं आर्किया केलं आणि सजीवांची तीन अधिराज्यं मांडली. 98-3 चं गोत्र पहिल्यांदा बदललं ते हे.

या आर्किया घराण्याची एक शाखा महाराष्ट्राला ओळखीची आहे. जून 2020 मध्ये बुलढाण्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण शोधलं, ते होते लवणप्रेमी आर्किया आणि त्यांचं रंगद्रव्य. लोणारचं पाणी कमालीचं अल्कधर्मी, सल्फोलोबसच्या कुंडाच्या दुसऱ्या टोकाचं. आणि कोकणातली उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे? वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ इथे गंधकाचा वास येतो म्हणून लोक त्याला गंधकाचं पाणी म्हणतात, पण तिथे ज्वालामुखी नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, खालच्या उष्णतेने तापतं आणि परत वर येतं. ते उदासीन ते अल्कधर्मी असतं. सल्फोलोबस शोधायला तिथे जाण्यात अर्थ नाही.

वूस यांना त्यांच्याच देशात लोक हसत होते तेव्हा जर्मनीत दोन माणसांनी त्यांचं म्हणणं उचलून धरलं. म्युनिकचे ओटो कांडलर, आणि शेजारच्या मार्टिन्सरीडमधल्या माक्स प्लांक जीवरसायन संस्थेचे वोल्फ्राम झिलिग. झिलिग यांचं आयुष्य आरएनए पॉलिमरेजवर गेलेलं. हे विकर डीएनएवरून संदेशाची प्रत काढतं. जिवाणूंमध्ये ते चारपाच प्रकारच्या घटकांचं असतं, माणसात किंवा यीस्टमध्ये डझनभर घटकांचं. झिलिग यांनी सल्फोलोबसचं विकर शुद्ध केलं आणि घटक मोजले तर ते दहाच्या घरात. 1983 मध्ये यीस्टच्या विकराविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं त्यांनी सल्फोलोबसच्या विकरावर टाकून पाहिली आणि ती चिकटली. केंद्रक नसलेल्या, उकळत्या ॲसिडात राहणाऱ्या या जिवाचं प्रत काढायचं यंत्र जिवाणूंसारखं नव्हतं, आपल्यासारखं होतं.

झिलिग यांच्याच गटाने 1980 मध्ये पिशारेल्लीचा जीव सल्फोलोबस सोल्फातारिकस म्हणून वर्णन केला आणि तो ठरवताना आकार नव्हे तर पॉलिमरेजची रचना कसोटी म्हणून लावली. वर्गीकरणाच्या इतिहासात ही मोठी गोष्ट आहे, जरी ती सहसा सांगितली जात नाही. त्याच्या पी2 वाणाचा सुमारे तीस लाख अक्षरांचा जनुकसंच 2001 मध्ये वाचून झाला. 2018 मध्ये जपानी संशोधकांनी त्याला सल्फोलोबसमधून काढून सॅकॅरोलोबस या नव्या प्रजातीत घातलं, कारण तो साखरेवरही वाढतो आणि जुन्या भावंडांहून बराच दूरचा निघाला. शास्त्रज्ञ बोलताना अजूनही जुनंच नाव घेतात.

दरम्यान कुंडातून विषाणूही निघू लागले. बेप्पूच्या वाणातून मिळालेला एक चातीच्या आकाराचा. 2005 मध्ये पोत्सुओलीच्या पाण्यातून ॲसिडियानसचा एक विषाणू जाहीर झाला, ज्याला पेशीबाहेर पडल्यावर, एकट्यालाच, दोन्ही टोकांना शेपट्या फुटतात. पेशीच्या मदतीशिवाय विषाणू आपला आकार बदलतो हे तोवर कोणी पाहिलं नव्हतं. शेपट्या फुटायला अट एकच, पाणी यजमान जिवाच्या सवयीचं, 75 अंशांच्या वर, तापलेलं हवं.

गोत्र दुसऱ्यांदा बदलण्याची सुरुवात 1984 मध्ये झाली. लॉस एंजेलिसच्या जेम्स लेक यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या जीवांचे रायबोसोम ठेवून त्यांच्या कडांचे फुगवटे आणि खाचा जुळवल्या. सल्फोलोबस आणि त्याच्या गंधकप्रेमी नातलगांचे रायबोसोम त्यांना इतर आर्कियांपेक्षा आपल्या, म्हणजे केंद्रकवाल्या पेशींच्या, रायबोसोमसारखे दिसले. त्यांनी या गटाला इओसाइट म्हटलं आणि सांगितलं, की आपण आर्कियांचे शेजारी नाही. त्यांच्याच फांदीवर उगवलेलो आहोत. वूस यांना हे अजिबात पटलं नाही. त्यांची तीन अधिराज्यं त्यामुळे दोनवर येत होती. रायबोसोमच्या बाह्यरेषेवरून वंशावळ काढायची ही पद्धत कच्ची आहे, असा आक्षेप होता आणि तो रास्तही होता. वाद वीसपंचवीस वर्षं धुमसत राहिला. 2008 मध्ये लांबलचक जनुकं नव्या गणिती पद्धतींनी तपासली तेव्हा झाडाचा आकार लेक यांच्या बाजूने झुकला.

मग 2015 मध्ये थाइस एत्तेमा यांच्या गटाने ग्रीनलंड आणि नॉर्वेदरम्यान, लोकीज कॅसल या समुद्रतळावरच्या उष्णजलमुखापासून पंधराएक किलोमीटरवरच्या गाळातून लोकीआर्कियांचा डीएनए वाचला. आपल्या पेशीची मानली गेलेली कित्येक जनुकं त्यांच्यात होती. आपले सर्वांत जवळचे नातलग आता हे ठरले आणि सल्फोलोबसची शाखा त्यांच्या शेजारची. पण या नातलगांना वाढवणं महाकर्मकठीण. जपानच्या हिरोयुकी इमाची यांच्या चमूला समुद्रगाळातून असा एक जीव वाढवायला बारा वर्षं लागली आणि तो दुप्पट व्हायला दोन ते तीन आठवडे घेतो. त्यामुळे प्रयोग करायची वेळ आली की लोक परत 98-3 कडे येतात. तो निदान संध्याकाळपर्यंत वाढून दाखवतो.

त्याच्याकडे परत येण्याचं ताजं कारण पेशीविभाजन. आपली पेशी दोन होताना शेवटचा धागा कापायला एस्कर्ट नावाची प्रथिनं लागतात; एचआयव्ही पेशीतून बाहेर पडतो तोही हीच प्रथिनं वापरून. जिवाणूंची कापण्याची यंत्रणा वेगळी आहे. 2008 मध्ये स्वीडन आणि ऑक्सफर्डच्या दोन गटांनी दाखवलं, की सल्फोलोबस स्वतःला एस्कर्टच्या भावंडांनीच कापतो. मग प्रश्न आला की कापायच्या आधी या प्रथिनांची कडी सोडवतं कोण. आपल्या पेशीत टाकाऊ प्रथिनं चघळून टाकणारं प्रोटिएसोम असतं. त्याची पहिली स्फटिक-रचना 1995 मध्ये निघाली ती मार्टिन्सरीडला, आणि ती निघाली इंडियानाच्या कोळसा-ढिगाऱ्यातल्या थर्मोप्लाझ्माच्या प्रोटिएसोमवरून. हेच प्रोटिएसोम अडवणारं बोर्टेझोमिब हे औषध मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर 2003 पासून वापरात आहे. 2020 मध्ये बझ बॉम यांच्या गटाने ते सल्फोलोबस ॲसिडोकाल्डेरियसला दिलं. पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावर अडकल्या. औषध धुऊन काढलं आणि सगळ्या एकदम दोन झाल्या.

हे डोळ्यांनी बघायला त्यांना सूक्ष्मदर्शकच वेगळा बांधावा लागला. साध्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग थंड असतं, ते नमुन्याला टेकलं की काच तिथेच निवते आणि पेशी झोपी जाते. म्हणून भिंगासकट सगळा कोनाडा तापवून नमुना 75 अंशांवर धरणारं यंत्र केलं. नाव ठेवलं सल्फोस्कोप.